जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक बदलताय? या चुका टाळा

जुनी स्पोर्ट्स कार हातात आली की इंजिनानंतरची खुमखुमी ब्रेकची. मोठ्या डिस्क, डिस्कवर पॅड दाबणारी चार पिस्टनची लालभडक कॅलिपर. किट बसतं, खिसा रिकामा होतो आणि पेडल पूर्वीपेक्षा खोल तरी जातं किंवा लाकडासारखं कडक तरी होतं. दुखणं हाल्याला आणि डाग पखालीला.

जुने ब्रेक धड न करताच नवे घेणं

सगळ्यांत महागडी चूक हीच. 'त्या काळचे ब्रेक कमकुवतच' असं आपण धरून चालतो, पण आपल्या पायाखाली त्या काळचे ब्रेक राहिलेलेच नसतात. असतात ते गंजलेले पिस्टन, काचेसारखे गुळगुळीत झालेले पॅड आणि ब्रेक ऑइल नेणारे जुने रबरी होज. त्यातला होज फार फसवा. बाहेरून ठणठणीत दिसतो, आतली नळी मात्र सुजून बंद होत आलेली असते. दाबलं की ऑइल पुढे जातं, पाय उचलला तरी मागे येत नाही. चाक धरून राहतं, गाडी एका बाजूला ओढते, आणि मालक कॅलिपरला दोष देतो.

तपासणं सोपं आहे. गाडी स्टँडवर घ्या, ब्रेक मारून सोडा. एखादं चाक अडकून राहिलं तर त्याच्या कॅलिपरचं निपल (हवा काढायचा स्क्रू) किंचित सैल करा. तरीही सुटलं नाही तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या पिना जाम आहेत. ऑइलची चिळकांडी उडून सुटलं तर दाब आत अडकला होता. आता पुन्हा ब्रेक मारून सोडा आणि होज जिथे लोखंडी पाइपला मिळतो तो जोड सैल करा. इथे चाक सुटलं तर होज ठीक, दोष मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या पंपाकडे. नाही सुटलं तर होजच बदला.

एवढं झाल्यावर ताजं ऑइल आणि चांगले पॅड घालून गाडी चालवा. बरेचदा किटची गरजच उरत नाही.

मोठी डिस्क म्हणजे कमी अंतर, हा समज

गाडी शेवटी थांबवतो टायर. आहेत त्या ब्रेकने चाकं लॉक होत असतील, तर मोठ्या डिस्कने एका ब्रेकमधलं अंतर फारसं घटणार नाही. मोठी डिस्क असते उष्णतेसाठी. १००० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे ३८६ किलोज्यूल ऊर्जा मुरवावी लागते. वेग दुप्पट, तर ऊर्जा चौपट. १९५३ मध्ये जॅग्वार सी-टाइपने डिस्क ब्रेकच्या जोरावर ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. तिथे कस लागला तो फेरीमागून फेरी तसाच ब्रेक लागण्याचा. तुमचा ब्रेक लांब उतारावर नरम पडत असेल तरच या वाटेला जा.

आणि गेलात तर नुसती पुढची बाजू वाढवून थांबू नका. पुढची चाकं आधी लॉक होतात, मागचे ब्रेक आयतोबा होऊन बसतात, थांबण्याचं अंतर उलट वाढू शकतं. मागे जास्त जोर दिला तर त्याहून वाईट: मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी गिरकी घेते.

मास्टर सिलिंडरचं गणित न करणं

मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागतं, म्हणून पेडल खोल जातं. त्यावर उपाय म्हणून मंडळी १९ मिलिमीटर बोअरच्या जागी २२ चा मास्टर सिलिंडर घालतात. पेडल छान घट्ट होतं. पण क्षेत्रफळ एक तृतीयांशाने वाढलं, म्हणजे तेवढ्याच पायाच्या जोराला दाब पाव हिस्स्याने घटला. कडक पेडल म्हणजे जोरदार ब्रेक नव्हे, हे पायाला पटायला वेळ लागतो.

मागे ड्रमच्या जागी डिस्क लावताना ड्रमसाठीचा, थोडा दाब राखून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लाइनमध्ये तसाच राहिला तर पॅड डिस्कवर घासत राहतात. चाक गरम येतं आणि कारण सापडत नाही.

बसवतानाच्या चुका

डावं कॅलिपर चुकून उजवीकडेही बसतं, हे मी स्वतः एक अख्खी दुपार घालवून शिकलो. निपल खाली आलं होतं. हवा वर अडकलेली आणि मी बाटलीमागून बाटली ऑइल ओततोय. निपल नेहमी सर्वांत वरच हवं.

हवा काढताना जुन्या मास्टर सिलिंडरचं पेडल तळापर्यंत हाणू नका. रोजच्या वापरात सील जिथे पोचत नाही, तिथे गंज साठलेला असतो. त्यावरून गेलं की सील फाटलं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

आट्यांकडे नीट बघा. ब्रेक पाइपचा ३/८ इंची यूएनएफ (इंची मापाच्या आट्यांचा) नट १० मिलिमीटरच्या मेट्रिक भोकात ढिलाच शिरतो, पकडल्यासारखा वाटतो आणि जोरात ब्रेक मारला की निसटू शकतो. ब्रेक ऑइलच्या डब्यावर 'डॉट' क्रमांकाने प्रकार लिहिलेला असतो; त्यातलं डॉट ५ सिलिकॉनचं असतं. ते डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळू नका. रेसिंग पॅड थंडीत नीट धरत नाहीत, रस्त्यावरच्या गाडीला ते नकोतच.

नवी कॅलिपर बसली की चारही चाकांबरोबर स्टेपनीही चढवून, हाताने फिरवून बघा. जुन्या गाडीची स्टेपनी बहुधा मूळ मापाचीच असते, आणि ती नव्या कॅलिपरवर बसत नाही हे पंक्चर झाल्यावर कळून उपयोग नाही.