गव्हाला पालाश (म्हणजे पोटॅशियम) कमी पडलंय का, पानावरून कसं ओळखायचं
आधी एकदम खालचं जुनं पान हातात घ्या, वरचं नको. शेंडा आणि कडा करपल्यासारख्या तपकिरी पण मधली शीर अजून हिरवी असेल तर पालाशचा संशय घ्या, नत्र कमी असेल तर पिवळेपणा शेंड्याकडून मधल्या शिरेने आत सरकतो, इथंच बरेच जण फसतात आणि युरिया टाकून मोकळे होतात. जुनंच पान का, तर झाड तिथलं पोटॅशियम काढून कोवळ्या पानांना देतं. पोटॅशियम कमी पडलं की मुळांत एचएके नावाच्या गटातली जीन्स (जनुकं) जोरात चालू होतात, त्यांची प्रथिनं मातीतलं अगदी थोडं पोटॅशियमही ओढून घेतात, कमाल आहे खरंच! पण जमिनीतच नसेल तर जीन्स तरी काय करणार, म्हणून माती परीक्षण करा, कमी निघालं तर पुढच्या वेळी एमओपी म्हणजे म्युरिएट ऑफ पोटॅश खत (६०% पालाश) शिफारशीप्रमाणे पेरतानाच द्या.