जुना मिनी ट्रॅक्टर सेल्फ घेतोय पण चालू होत नाही? पंप उतरवायच्या आधी हे बघा

आमच्याकडं सासवडच्या बाजूला अंजीर-सीताफळाच्या बागा, दोन ओळींतनं मोठा ट्रॅक्टर काही जात नाही, म्हणून मी तीन सिलिंडरचा जुना मिनी घेतला. पहिला महिना मस्त चालला आणि मग रोज सकाळी नाटक सुरू, सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही, पकडलं तरी दोन मिनिटांत बंद. गॅरेजवाला आला, लांबूनच बघितलं आणि म्हणाला डिझेल पंप गेला, उतरवावा लागेल. पंप धडधाकट होता. टाकीतनं फिल्टरकडं येणारा रबरी पाइप क्लिपपाशी तडकला होता, त्यातनं डिझेल बाहेर येत नव्हतं पण हवा आत जात होती!! म्हणून म्हणतो, स्वस्तातलं आधी तपासा.

सुरुवात बॅटरीपासून. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. लाइट एकदम मंदावली तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल खराब, लाइट तशीच लख्ख राहिली आणि नुसतं टक्क वाजलं किंवा काहीच झालं नाही तर सेल्फ, त्याची वायर नाहीतर क्लचपाशी असलेला स्विच बघायचा (बऱ्याच मॉडेलला क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, जुन्या मालकाला सवय असते, आपल्याला कोण सांगणार). मीटर असेल तर लावा, चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू असताना 14 च्या जवळ पाहिजे, नसेल तर आल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साठलं असेल तर सोड्याच्या पाण्यानं धुवायचं. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. चेसिसला येणारी अर्थिंगची पट्टी पण घासून घ्या, ती सगळे विसरतात.

सेल्फ जोरात फिरतोय तरी चालू होत नाही, मग डिझेल. टाकीत आहे ना, कॉक उघडा आहे ना, हसू नका, मी स्वतः एकदा कॉक बंद ठेवून अर्धा तास सेल्फ मारलाय. त्यानंतर हवा काढायची. फिल्टरच्या डोक्यावर हवा काढायचा छोटा स्क्रू असतो, तो दोन आटे सैल करायचा, खाली फडकं धरायचं आणि फीड पंपाचा (टाकीतनं डिझेल पुढं ढकलणारा छोटा पंप) हातानं मारायचा लिव्हर असेल तर तो मारत राहायचा. आधी फेस येतो, मग फुसफुस करत बुडबुडे, मग एकसारखी धार. धार आली की लिव्हर मारता मारताच स्क्रू आवळायचा. तरी पकडलं नाही तर नॉझलकडचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो) पाइपचे नट थोडे सैल करून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, डिझेल आलं की आवळा. इथं बोट अजिबात लावू नका, ते प्रेशर कातडीच्या आत डिझेल घालतं आणि मग थेट हॉस्पिटल. हवा काढल्यावर चालला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तर हवा कुठूनतरी येतीये, रबरी पाइप, क्लिपा, फिल्टरचं रबर आणि तांब्याचे वॉशर बघा. वॉशर जुनेच परत बसवू नका राव.

धूर पण बरंच सांगतो. काळा म्हणजे बहुतेक एअर फिल्टर चोंदलाय किंवा नॉझल खराब. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा थंडीत थोडा चालतो, पण गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर गॅस्केटचा (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) संशय. डिपस्टिकवर ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर चालवूच नका, इथून पुढं फिटरचं काम.

गरम होत असेल तर आधी रेडिएटरची जाळी. आत पालापाचोळा आणि भुसा असा बसतो की बाहेरून कळत नाही. हवा फॅनच्या बाजूनं पुढं मारा, पुढून मारली तर कचरा अजून आत रुततो. झाकण थंड झाल्यावरच उघडायचं.

लिफ्ट रोटाव्हेटर उचलत नसेल तर सपाट जागेवर, लिफ्ट खाली करून ऑइलची लेव्हल बघा, गाळणी धुवा किंवा बदला. पुष्कळ मिनींमध्ये गिअर आणि लिफ्टला एकच ऑइल असतं, मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच टाका. आणि पीटीओचं (मागं अवजार फिरवणारा शाफ्ट) काहीही करताना इंजिन बंद, किल्ली खिशात. मिनिटाला 540 फेऱ्यांच्या स्पीडला उपरण्याचं टोक अडकलं तर सोडवायला वेळ मिळत नाही.

पाइप आणायला पुण्यात नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या बाजारात जाणार असाल तर जुना तुकडा आणि क्लिपा सोबत न्या, नुसतं "मिनीचा पाइप द्या" म्हणालात तर काउंटरवरचा पोरगा आतला व्यास विचारणार आणि तुम्ही दिवे घाट उतरून रिकाम्या हातानं परत चढणार, मी चढलोय.