या चुका टाळा: मासळीच्या डोक्या-आतड्यांचं सायलेज पिंपात का नासतं?

बडोद्याजवळ तळं घेतलंय, रोहू-कटला सोडलाय, आणि पेंडेचे भाव बघून वाटतंय की वेरावळ बंदरावरच्या मासळी-प्रक्रिया कारखान्यांतून डोकी, आतडी, कातडी आणून खाद्य घरीच करावं. जरूर करा. फॉर्मिक आम्ल घालून केलेला हा पातळ लगदा, म्हणजे सायलेज, तसा सोपा आहे. पण फसला की सगळे आम्लाला नावं ठेवतात, आणि माल मात्र पिंपात पडायच्या आधीच गेलेला असतो.

वेरावळ ते बडोदा चारशे किलोमीटरच्या वर. मे महिन्यात, बर्फाशिवाय, उघड्या टेम्पोतून आलेला माल सायलेज करून सुधरत नाही. आम्ल सडणं थांबवतं. सडलेलं ताजं करत नाही. बांगडा, ट्यूना यांत उशीर झाला की हिस्टामाइन हे विषारी द्रव्य तयार होतं, आणि ते आम्लाने जात नाही की उकळून. जमलं तर दळून आम्ल तिथेच घालून घ्या, मग पिंपं निवांत येऊ देत.

दळणंही तितकंच महत्त्वाचं. अख्ख्या डोक्यांवर आम्ल ओतलं की वरचा थर छान दिसतो. काठीने तळ ढवळा, लगेच वास नाकात जातो: गाठीच्या आत आम्ल पोचलेलंच नसतं. तुकडे सेंटिमीटरभर किंवा त्याहून बारीक हवेत. १०० किलो मालाला ८५ टक्क्यांचं फॉर्मिक साधारण ३ ते ३.५ किलो, आणि पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ४ च्या खाली (आकडा जितका कमी, तितकं आंबट). पीएच मोजायची पट्टी वरच्या पाण्यात बुडवून खूश होऊ नका. तळातून नमुना काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. काटे-डोकी जास्त असतील तर हाडांतले क्षार आम्ल मारतात आणि पीएच रात्रीतून वर चढतो; तेव्हा आम्ल थोडं वाढवावं लागतं. रोज ढवळा. पिंप प्लास्टिकचंच, पत्र्याचं गंजतं. हातमोजे आणि चष्म्याचा कंटाळा करू नका, फॉर्मिकने कातडी भाजते.

उन्हाळ्यात काही दिवसांतच लगदा पातळ होतो. थंडीत आठवडा उलटला तरी घाबरायचं कारण नाही.

वर तेलाचा तवंग आला तर काढून घ्या, नाहीतर खवट होतो. १०० किलोला २० ग्रॅम बीएचटी (तेल खवट होऊ न देणारं रसायन) घाला, आधी थोड्या तेलात विरघळवून.

माकुल-नळ्याच्या (स्क्विड, कटलफिश) आतड्यांचा भाग कमीच ठेवा, त्यांच्या यकृतात कॅडमियम हा विषारी धातू साठतो. आणि शेजाऱ्याचं कोळंबीचं तळं असेल तर त्याला कोळंबीची कच्ची डोकी 'फुकट आहेत' म्हणून देऊ नका. कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू असाच फिरतो.

नुसतं सायलेज तळ्यात ओतणं हा तर शुद्ध वेडेपणा: अर्धं पाण्यात विरतं आणि पाणी बिघडतं. तांदळाचा कोंडा आणि पेंड घालून मळा, शेवेसारखं पाडून कडकडीत वाळवा. शेंगदाण्याची पेंड बुरशीची नको, त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असतं. पहिले काही दिवस नेहमीच्या खाद्यात थोडंच मिसळा आणि तळ्यात एक ताट सोडा. दोन तासांनी ताटात उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी कमी टाका. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर त्या सकाळी खाद्य बंद, आधी एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू करा.