अमेरिकेत पहिले घर घेताना मॉर्टगेज क्रेडिट सर्टिफिकेट कसे मिळवावे

अमेरिकेत गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते हे बहुतेकांनी ऐकलेले असते. परंतु बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबाला त्या वजावटीचा सहसा काहीच लाभ होत नाही. २०२४ या करवर्षासाठी विवाहित जोडप्याचे स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्चांचा तपशील न देता उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट, २९,२०० डॉलर होते, आणि लहान कर्जाचे व्याज इतर खर्चांसह धरले तरी क्वचितच त्यापुढे जाते. अशा कुटुंबाच्या खऱ्या उपयोगाचे आहे ते मॉर्टगेज क्रेडिट सर्टिफिकेट, अर्थात एमसीसी. १९८४ च्या कायद्याने आलेल्या या योजनेत व्याजाचा ठरावीक हिस्सा उत्पन्नातून नव्हे, तर थेट भरावयाच्या करातून वजा होतो, आणि त्यासाठी स्टँडर्ड डिडक्शन सोडावे लागत नाही.

ही प्रमाणपत्रे राज्याच्या किंवा स्थानिक हाउसिंग फायनान्स एजन्सी देतात. सर्वत्र ही योजना चालू नसते, म्हणून आधी तेवढे विचारून घ्यावे. त्यानंतर पात्रता तपासावी. ‘पहिले घर’ हा शब्द येथे फारसा शब्दशः घ्यायचा नाही. मागील ३ वर्षांत स्वतःच्या मालकीच्या घरात राहिलेले नसले म्हणजे पुरे, आणि सरकारने ठरवलेल्या मागास भागांत तीही अट नसते. उत्पन्नाची मर्यादा साधारणपणे एक-दोन माणसांच्या कुटुंबासाठी त्या भागातील मध्यम उत्पन्नाइतकी आणि तिघे किंवा अधिक असल्यास त्याच्या ११५ टक्के असते. घराच्या किमतीलाही मर्यादा असते.

अर्ज थेट एजन्सीकडे न करता योजनेत सहभागी असलेल्या लेंडरमार्फत, म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थेमार्फत, करावा लागतो. लेंडर मागील ३ वर्षांची करविवरणपत्रे मागतो, कारण त्यांत गृहकर्जाच्या व्याजाची वजावट दिसली, तर आधीचे घर उघड होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मंजुरी क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीच्या अंतिम व्यवहाराच्या, आधीच हातात हवी. किल्ल्या मिळाल्यावर चौकशी करणे म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

सवलतीचा दर प्रमाणपत्रावरच छापलेला असतो आणि तो १० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असतो. येथे एक गंमत आहे. वर्षाचे व्याज १२,००० डॉलर आणि दर २० टक्के असेल, तर क्रेडिट २,४०० डॉलर होते. दर ३० टक्के असेल, तर हिशेबाने ३,६०० डॉलर होतात, पण २० टक्क्यांहून अधिक दराला वार्षिक २,००० डॉलरची मर्यादा असल्याने पदरात २,००० डॉलरच पडतात. शिवाय हे क्रेडिट करापुरतेच मिळते, त्यातून परतावा निघत नाही. पहिल्या उदाहरणात कर १,५०० डॉलरच असेल, तर उरलेले ९०० डॉलर पुढील ३ वर्षांपर्यंत नेता येतात. ज्यांना करच लागत नाही, त्यांनी प्रमाणपत्राचे शुल्क भरण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

दर वर्षी लेंडरकडून येणाऱ्या फॉर्म १०९८ वरील व्याजाचा आकडा घेऊन फॉर्म ८३९६ भरावा व तो विवरणपत्राला जोडावा. वर्षअखेरपर्यंत थांबायचे नसेल, तर नोकरीच्या ठिकाणी नवा डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापावा हे सांगणारा फॉर्म) देऊन पगारातून कापला जाणारा कर कमी करून घेता येतो. हप्ता ओढाताणीने भरणाऱ्यांना हाच मार्ग सोयीचा वाटेल. कर्जाचे रिफायनान्सिंग केल्यास, म्हणजे जुने फेडून त्याजागी नवे कर्ज घेतल्यास, मूळ प्रमाणपत्र संपते, त्यामुळे एजन्सी नवे देते का, हे नव्या कर्जावर सही करण्यापूर्वीच विचारावे.

घर ९ वर्षांच्या आत विकल्यास सवलतीचा काही भाग परत भरावा लागू शकतो, हे मात्र अनेकांना विक्रीच्या वेळीच कळते. त्यासाठी विक्रीत नफा झालेला असावा लागतो आणि उत्पन्नही ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढलेले असावे लागते. रक्कम कितीही झाली, तरी ती मूळ कर्जाच्या ६.२५ टक्के किंवा नफ्याच्या निम्मी, यांपैकी जी कमी असेल तिच्या पुढे जात नाही. काहीच देणे निघत नसले, तरी त्या वर्षीच्या विवरणपत्रासोबत फॉर्म ८८२८ जोडावाच लागतो.