जुन्या मोटारीतील अनोळखी आवाज कसा शोधावा

आवाज कुठून येतो हे शोधण्याआधी तो केव्हा येतो हे कागदावर लिहून काढावे. गाडी सुरू करताच येतो की पाच-सात किलोमीटर चालल्यावर, उभ्या गाडीत रेस दिल्यावर येतो की चाके फिरू लागल्यावरच, खड्ड्यात, वळणावर, ब्रेक दाबताना की एसी लावल्यावर, एवढी नोंद नीट झाली तर निम्मे निदान घरीच होते. उभ्या गाडीत रेस दिल्यावर तोच आवाज ऐकू आला, तर दोष इंजिन, बेल्ट किंवा सायलेन्सरच्या बाजूला शोधावा. मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी न्यूट्रल केल्यावर इंजिनाची गती उतरूनही आवाज तसाच राहिला, तर तो बहुधा बेअरिंगचा किंवा टायरचा असतो. ही चाचणी घेताना चावी मात्र बंद करू नये, कारण त्यामुळे स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात.

संध्याकाळी नागपुरात सीताबर्डीच्या बाजारातल्या गर्दीत काहीच ऐकू येणार नाही. भल्या पहाटे सिव्हिल लाइन्ससारख्या शांत भागातील एखाद्या लांब कंपाउंड भिंतीला लागून, काचा खाली करून, ताशी १५ ते २० किलोमीटर वेगाने गाडी चालवावी. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज अधिक स्पष्ट असतो आणि भिंत डावीकडे ठेवल्यास डाव्या चाकांचा आवाज वेगळा काढता येतो. निघण्यापूर्वी डिकी पूर्ण रिकामी करावी. माझ्या गाडीच्या मागच्या बाजूच्या खटखटीसाठी एका गॅरेजात दोन्ही मागचे शॉक-अब्सॉर्बर बदलले गेले, आणि आठवड्याभराने स्टेपनी काढताना तिच्याखाली सैल पडलेला जॅकचा दांडा हाती लागला. तेव्हापासून मी सुरुवात डिकीपासूनच करतो.

नागपुरात जुन्या गाड्यांच्या तक्रारी मोठ्या प्रमाणात सस्पेन्शनच्या असतात, असा माझा अनुभव आहे. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षे उभे राहिलेल्या गाडीचे रबरी बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांत धक्के शोषणारे रबराचे तुकडे, कडक होतात, त्यांना तडे जातात आणि उरलेले काम गतिरोधक करतात. बारीक खडबडीत जागेवरून हळू जाताना खट-खट होत असेल, तर प्रथम लिंक रॉड, म्हणजे चाकामागील सस्पेन्शनला अँटी-रोल बारशी जोडणारा छोटा दांडा, तपासावा. गाडी चारही चाकांवर उभी असताना, इंजिन बंद करून आणि स्टिअरिंग एका बाजूला वळवून, चाकामागे हात घालून तो रॉड हलवावा. सांध्यात ढिलेपणा जाणवला तर तो बदलावा, आणि शक्यतो दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. गतिरोधकावर कुरकुर होत असेल, तर एकेका बुशवर पाणी फवारून गाडी हाताने दाबून पाहावी. ज्या बुशवर पाणी पडताच कुरकुर थांबते, तो दोषी. अशा बुशला इंजिन ऑइल चोळण्याची पद्धत आहे, परंतु त्याने रबर फुगून आणखी लवकर खराब होते. नवा बुश बसवताना कंट्रोल आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचा) बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचा भार चाकांवर आल्यावरच. चाक लोंबकळत असताना आवळलेला बुश कायम पिळलेल्या स्थितीत राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. ही गोष्ट घाईच्या गॅरेजात हमखास राहून जाते, म्हणून समोर उभे राहून पाहावी.

वेगाबरोबर वाढत जाणारी एकसुरी घरघर बेअरिंगची किंवा टायरची असते. सिमेंट रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर येताच तिचा सूर बदलला, तर टायरची असमान झीज पाहावी. सूर तोच राहिला, तर मोकळ्या रस्त्यावर अलगद डावी-उजवीकडे वळून पाहावे. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. त्या वेळी घरघर वाढली तर संशय उजव्या बेअरिंगवर घ्यावा. खात्रीसाठी सपाट जागी दुसऱ्या चाकांना विटा लावून गाडी उचलावी, तिच्याखाली स्टँड ठेवावा, आणि चाक वर-खाली धरून हलवावे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे नेताना कट-कट येत असेल, तर सीव्ही जॉइंट, म्हणजे इंजिनाची ताकद वळणाऱ्या चाकापर्यंत पोहोचवणारा सांधा, तपासावा. फाटलेला रबरी बूट आणि आजूबाजूला उडालेले ग्रीस ही त्याची ओळख आहे.

बोनेटखालची किंचाळी बहुधा बेल्टची असते. इंजिन चालू ठेवून, कपडे आणि हात दूर धरून, बेल्टवर थोडे पाणी फवारावे. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली सरळ रेषेत नाही, आणि पाण्याने तो वाढला तर बेल्ट ढिला आहे, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. टिक-टिक ऐकू आल्यास टॅपेटला (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाला) हात लावण्याआधी ऑइलची पातळी पाहावी. थंड इंजिनात जोरात आणि तापल्यावर कमी होणारी टिक-टिक एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधील, म्हणजे इंजिनातून धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांमधील, गळतीचीही असू शकते. मात्र रेसबरोबर वाढणारी, खोलवरची जड ठकठक ऐकू आली, तर इंजिन लगेच बंद करून गाडी टो करूनच न्यावी.

ब्रेक दाबताना बारीक शिट्टी वाजत असेल तर पॅड संपत आल्याची ती सूचना असू शकते, आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल तर डिस्कही गेली असे समजावे. यात चालढकल करू नये.

मेकॅनिककडे जाताना केवळ फोनवरचे रेकॉर्डिंग नेऊ नये; त्याला शेजारी बसवून आवाज येतो त्याच रस्त्यावर फेरी मारावी आणि काढलेला भाग परत मागून घ्यावा. काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, गाडी तेवढीच तापलेली असताना पुन्हा चालवून पाहावी, आणि चाक काढले असेल तर ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर त्याचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.