ब्लॅकरेझर टेबलावर आणायची असेल तर

टेबलाभोवती बसून, पात्रं रंगवत खेळायच्या डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळात बोलणारी, शापित तलवार आपल्या कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीत) असावी असं प्रत्येक डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) कधी ना कधी वाटतं. मग ती येते, एक-दोन सेशन भेसूर आवाजात बडबडते, आणि हळूहळू डीएमच तिचं बोलणं विसरून जातो. शेवटी कॅरॅक्टर शीटवर उरते ती हल्ल्याच्या आकड्यातली नुसती ‘प्लस थ्री’. असं होऊ द्यायचं नसेल तर तलवारीला नुसता शाप असून भागत नाही. तिला काहीतरी मनापासून हवं असलं पाहिजे, आणि ते मिळालं की तिनं हात आखडता न घेता दिलं पाहिजे. डंजन्स अँड ड्रॅगन्समधली ब्लॅकरेझर हे त्याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण. डोंबिवलीतल्या आमच्या टेबलावर मी ती चालवली आहे, त्यामुळे तिच्याच आधारानं सांगते. नियम पाचव्या आवृत्तीचे, २०१४च्या पुस्तकातले.

आधी तिची कुळकथा, कारण प्लेयर विचारणारच. ब्लॅकरेझर पहिल्यांदा आली १९७९ साली, ‘व्हाइट प्लूम माउंटन’ या ॲडव्हेंचरमधून. लॉरेन्स शिक यांनी ते तेव्हा हा खेळ छापणाऱ्या टीएसआर कंपनीत नोकरीसाठी नमुना म्हणून लिहिलं होतं. नोकरी मिळाली आणि ॲडव्हेंचर छापूनही आलं. ग्रेहॉक या काल्पनिक जगातला एक ज्वालामुखी, केराप्टिस नावाचा जादूगार आणि डोंगराच्या पोटात दडवलेली तीन शस्त्रं: वेव्ह हा त्रिशूळ, व्हेल्म हा हातोडा आणि ब्लॅकरेझर. तिघांनाही स्वतःचं डोकं आहे. तलवारीच्या राखणीला एक ओनी (रूप बदलणारा राक्षस) असतो, पण तो साध्या हाफलिंगच्या (बुटक्या, निरुपद्रवी माणसाच्या) रूपात बसलेला. ही युक्ती तशीच उचला. तलवारीपर्यंतचा शेवटचा दरवाजा भीतिदायक नसावा, तिथे कोणीतरी गोड बोलणारं असावं.

दिसायला ती काळी आहे, पण त्या काळ्या पात्यात तारे चमकतात. म्यानही काळंच, त्यावर ऑब्सिडियनचे पैलू पाडलेले खडे. वर्णन इतकंच करा आणि थांबा.

आता मुद्द्याचं, तिला हवं काय? पुस्तकात तिचं उद्दिष्ट स्पष्ट दिलंय: आत्मे गिळायचे. कोणाचे याची तिला फिकीर नाही, धरणाऱ्याचा मिळाला तरी चालेल. पण त्यामागे तिचं एक तत्त्वज्ञान आहे आणि तेच बहुतेक डीएम वापरत नाहीत. तिच्या मते सगळं विश्व निगेटिव्ह एनर्जीच्या पोकळीतून जन्मलं आणि एक दिवस तिथेच परत जाणार. आपण ते काम लवकर उरकायला मदत करतोय, अशी तिची श्रद्धा आहे. म्हणजे स्वतःच्या नजरेत ती दुष्ट नाहीच. ती कर्तव्य करतेय. एकदा हे तुमच्या डोक्यात बसलं की तिची वाक्यं आपोआप सुचतात. ती धमक्या देत नाही, शिव्या देत नाही, खदाखदा हसत तर नाहीच.

आणि याच तलवारीला वेव्ह आणि व्हेल्मबद्दल ओढ आहे! तिघं पुन्हा एकत्र यावीत, एकाच लढाईत वापरली जावीत असं तिला वाटतं. व्हेल्मशी तिचे कडाक्याचे मतभेद आहेत, वेव्ह तिला कंटाळवाणा वाटतो, तरीही. मला तिच्यातली ही गोष्ट फार आवडते. सगळं संपावं असं मानणाऱ्या तलवारीला सोबत हवी आहे. रात्रीच्या पहाऱ्यावर फायटर (तलवार धरणारा लढवय्या) एकटा जागा असेल तेव्हा हे बाहेर काढा. “पाण्याचा वास येतोय. वेव्ह असाच कुठेतरी ओला पडला असेल.” एवढं एक वाक्य पुरतं. प्लेयरला तिची कीव आली की तुमचं अर्धं काम झालं.

आवाज पुस्तकानुसार खोल आणि घुमणारा, सूर हुकमी, आपलं ऐकलं जाणारच अशी सवय असलेला. तो मराठीत आणताना मी तिला सरळ अरे-तुरे करायला लावते. वाक्यं चार-पाच शब्दांची, नजर फक्त त्या एका प्लेयरवर, घाई अजिबात नाही. शत्रू खाली पडलाय आणि पार्टी (प्लेयरांच्या पात्रांची टोळी) पुढे निघालीय, तेव्हा ती म्हणते, “तो अजून श्वास घेतोय.” बस्स. पुढे काही बोलायचं नाही. धरणाऱ्याशी ती मनातल्या मनातही बोलू शकते, त्यासाठी मी वहीचं पान फाडून चिठ्ठी देते. फोनवर मेसेज पाठवण्यापेक्षा हे चांगलं, कारण आपला मित्र चिठ्ठी वाचतोय, घडी घालून खिशात ठेवतोय आणि काही सांगत नाहीये, हे बाकीच्यांना दिसतं. संशय पेरायला तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही.

आता तिचं देणं. ब्लॅकरेझरनं एखाद्याला शून्य हिट पॉइंटवर (हा जीव मोजायचा आकडा) आणलं की तो मेलाच, आणि आत्मा तलवारीच्या पोटात. त्याला परत आणायला विश ही इच्छा पुरी करणारी स्पेलच लागते. मोबदल्यात मेलेल्याच्या कमाल हिट पॉइंटएवढे टेम्पररी हिट पॉइंट धरणाऱ्याला मिळतात. साधा ओगर (धिप्पाड राक्षस) मारला तर ५९! ते चोवीस तास टिकतात, आणि ते आहेत व तलवार हातात आहे तोवर हल्ला, सेव्ह (संकट टाळायचा रोल), चेक (काही जमतंय का ते बघायचा रोल) सगळ्यावर ॲडव्हांटेज, म्हणजे दोनदा डाइस टाकून मोठा आकडा घ्यायचा. हे बघून डीएम घाबरतात आणि कात्री लावतात. लावू नका. आठव्या लेव्हलच्या पार्टीत हे भरमसाट आहे, हे खरं. पण प्लेयरला तलवार सोडवत नाही ती याच्यामुळेच. देणं कमी केलंत तर तिला कोपऱ्यात टाकायला त्याला काहीच वाटणार नाही.

पहिला बळी मात्र असा असू द्या, ज्याच्याबद्दल कोणालाच काही वाटत नाही. तलवार काय करते ते उघड सांगा, आत्म्यासकट. आता प्लेयरला नियम माहीत आहे, आता फसवणूक नाही. मग पुढच्या एक-दोन सेशनमध्ये जिवंत पकडायलाच हवा असा माणूस समोर आणा.

आमच्याकडे तो दरोडेखोरांचा म्होरक्या होता. पळवलेली गावकरी मंडळी कुठे आहेत हे एकट्या त्यालाच ठाऊक. लढाई रंगात आली आणि ब्लॅकरेझरनं फायटरवर हेस्ट (वेग वाढवणारी स्पेल) टाकली. ही तिची फार सुंदर तरतूद आहे: दिवसातून एकदा ती हेस्ट टाकते, कधी ते ती ठरवते, आणि कॉन्सन्ट्रेशनही (स्पेल चालू ठेवायला लागणारं लक्ष) तीच सांभाळते. म्होरक्या अर्धमेला झाला. फायटरनं थोडा विचार केला, ब्लॅकरेझर म्यान केली आणि पाठीवरची जुनी कुऱ्हाड काढली. मी म्हटलं, “तलवार हेस्ट सोडून देते.” हेस्ट संपली की माणूस गळून जातो, त्याची पुढची पाळी फुकट जाते, ना हलता येत ना काही करता येत. म्होरक्या जंगलाकडे पळाला. मी चिठ्ठी सरकवली: “हे तू निवडलंस.” टोळीतल्या रॉगनं (चोरपावलांनी वावरणाऱ्या पात्रानं) बाण मारून म्होरक्याला अडवला म्हणून गावकरी वाचले, पण त्या रात्री फायटर तलवारीशी एक शब्द बोलला नाही. तिनं जबरदस्ती काहीच केली नव्हती. दिलेलं फक्त परत घेतलं होतं.

भुकेचा हिशेब सोपा आहे. तीन दिवस आत्मा मिळाला नाही तर पुढच्या सूर्यास्ताला तिचं आणि धरणाऱ्याचं वाजतं. मी कॅरमच्या तीन काळ्या सोंगट्या त्या प्लेयरसमोर मांडते आणि गेममधला एक दिवस कोरडा गेला की एक उचलते. तोंडानं काही सांगत नाही. वाजलं की दोघांचा करिष्मा (व्यक्तिमत्त्वाचा जोर) चेक समोरासमोर, तलवारीचा करिष्मा १९, म्हणजे प्लस फोर. ती जिंकली तर मागणी करते: मला कायम जवळ ठेव, ती दुसरी जादूची वस्तू फेकून दे, माझंच काम आधी कर, नाहीतर मला दुसऱ्याच्या हाती दे. ही शेवटची मागणी पार्टीतल्या दुसऱ्या कोणाचं तरी नाव घेऊन करा आणि टेबलावर काय होतं ते बघा.

मागणी नाकारली तर ती आपल्या शक्ती रोखून धरू शकते किंवा ताबा घ्यायचा प्रयत्न करू शकते. त्याला करिष्मा सेव्ह, डीसी (गाठायचा आकडा) १६, हुकला तर एक ते बारा तास तिच्या हुकमात. ताबा अगदी क्वचित वापरा, मी तर पूर्ण कॅम्पेनमध्ये एकदाच वापरते, आणि प्लेयरला आधीच, सेशन झीरोला (खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत) विचारून ठेवलेलं असतं. आपलं कॅरॅक्टर हातातून जाणं सगळ्यांना रुचत नाही. वेळ आली की त्याला गप्प बसवू नका. तलवारीला काय हवंय ते चिठ्ठीवर लिहून द्या आणि त्यालाच तलवार होऊन खेळू द्या. लोक अशा वेळी डीएमपेक्षा जास्त क्रूर कल्पना लढवतात.

तिला आवर घालायला अनडेड (मेलेले पण चालते-फिरते जीव) आहेत. ब्लॅकरेझरचा वार अनडेडला लागला की धरणाऱ्यालाच एक डी-टेन (दहा बाजूंच्या डाइसवर पडेल तेवढं) नेक्रॉटिक डॅमेज होतं आणि समोरच्याचे एक डी-टेन हिट पॉइंट वाढतात. त्या डॅमेजनं धरणारा शून्यावर गेला तर त्याचाच आत्मा गिळला जातो. हे अचानक अंगावर टाकू नका. तलवार हातात असताना साठ फुटांतला जिवंत प्राणी जाणवतो, पण अनडेड आणि कॉन्स्ट्रक्ट (जादूनं चालणारे पुतळे) जाणवत नाहीत. मग थडग्यांच्या तळघरात एवढंच सांगा: “तुला इथे कोणीच जाणवत नाहीये.” आणि पुढच्या वाक्यात पावलं वाजवा. हुशार प्लेयर तिथेच कुऱ्हाडीला हात घालतो.

स्वतःची तलवार घडवायची असेल तर नॉर्स दंतकथेतल्या टिर्फिंगकडे बघा. राजानं बुटक्यांना धमकावून ती घडवून घेतली. गंजणार नाही, वार चुकणार नाही, लोखंड कापडासारखं कापेल अशी. म्हणून त्यांनी शाप दिला: उपसली की माणूस मरणारच, आणि तिच्या हातून तीन घोर कृत्यं घडतील. बघा, देणं आणि घेणं एकाच श्वासात आलंय, आणि शाप देणाऱ्यांकडे कारण आहे. यात ब्लॅकरेझरसारखी एखादी आपुलकी घाला, डीसीला बारा अधिक तलवारीचा करिष्मा मॉडिफायर धरा, आणि झालं.

एक काम पहिल्या दिवसापासून करा. गिळलेल्या प्रत्येकाचं नाव वहीत लिहून ठेवा, नाव नसेल तर तिथल्या तिथे द्या. कॅम्पेन सतराव्या लेव्हलला पोचून विझर्डला विश मिळाली की कोणीतरी विचारतंच, “त्यातलं एक जण परत आणता येईल ना?” तेव्हा यादी त्यांच्यासमोर ठेवा आणि कोणाचं नाव घ्यायचं ते त्यांना ठरवू द्या. आमच्याकडे त्या वादात अख्खं सेशन गेलं आणि एकदाही डाइस पडला नाही.