खनिज मिश्रण गव्हाणीत नको, आंबोणात घाला

इंदूरकडे गोठ्यात वर्षभर गव्हाचा आणि सोयाबीनचा भुसा. त्यात फॉस्फरस अगदीच कमी. म्हणून तर गाय भिंत चाटते, हाडं-चिंध्या चघळते. खनिज मिश्रणाच्या पिशवीवर कॅल्शियम 20 आणि फॉस्फरस 12 टक्के पाहूनच घ्या. नुसती चुनखडीची पूड स्वस्त पडते, पण फॉस्फरस देत नाही.

दुभत्या गाई-म्हशीला रोज 50 ग्रॅम, वासराला 20. कोरड्या भुशावर भुरभुरलं तर पूड तळाशी बसते, जनावर वरचं खाऊन मोकळं होतं. आधी मूठभर कोंड्यात कालवा, मग ओल्या आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या पेंड-भरड्यात. तयार पशुखाद्यात खनिजं असतातच, तेवढी मात्रा कमी करा.

विण्याआधीचे तीन आठवडे जादा कॅल्शियम बंद. नाहीतर व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम घटतं आणि गाय मिल्क फीवरने बसते.